सर्व्हर उठेना

मानेसरच्या कारखान्यापाशी टॅक्सी पोचली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की चेतनाला फाटक दिसलंच नाही. आधी दिसल्या त्या कंपनीच्या बसगाड्या, दिवे लावून एकामागे एक उभ्या, आणि त्यांतून उतरणाऱ्या मुली. निळे एप्रन, वरून शाली, तोंडातून वाफा. एवढ्या थंडीतही त्या एकमेकींना ढकलत, खिदळत आत चालल्या होत्या.

आज नवी लाइन सुरू व्हायची होती. मोटारीच्या सीटबेल्टची बक्कलं जोडणारी लाइन. या मुलींनी कित्येक आठवडे नुसता सराव केला होता. जोडलेलं बक्कल पुन्हा सुटं करायचं आणि पुन्हा जोडायचं. चेन्नईच्या ज्या मोटार कंपनीसाठी बक्कलं व्हायची, तिच्या तपासनीस बाई आज येणार होत्या. लाइन पसंत पडली तर काम मानेसरला राहणार, नाहीतर दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याकडे जाणार. ही गोष्ट फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती.

आणि या सगळ्याची कळ होती एका सर्व्हरच्या हातात. प्रत्येक बक्कल यंत्रावर ओढून, दाबून तपासलं जायचं. तो निकाल सर्व्हरकडे जायचा, सर्व्हर त्यावर डिजिटल मोहोर उठवायचा, आणि मोहोर उठली तरच पुढचं यंत्र बक्कल सोडायचं. सर्व्हर बंद तर लाइन बंद. त्यावरचा जावा प्रोग्रॅम गुरुग्राममधल्या एका छोट्या कंपनीनं लिहिला होता, आणि आज तो इथं बसवून सुरू करायची जबाबदारी चेतनाची होती.

जबाबदारी तिनं मागून घेतली होती. पुण्यात ती चांगली जावा प्रोग्रॅमर होती. विनायकची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, दिल्लीला मंत्रालयात बदली झाली, आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर मिळालं, रेवतीचा जन्म झाला, आणि ‘थोडे दिवस थांबते’ म्हणता म्हणता तिची नोकरी अकरा वर्षं मागे पडली. गेल्या वर्षी तिनं पुन्हा अभ्यास केला, मुलाखती दिल्या, बऱ्याच ठिकाणी ‘मधली वर्षं काय करत होतात?’ हे ऐकून घेतलं आणि शेवटी या कंपनीत लागली. तिथं सगळी पोरं तिच्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान. तिचा टीम लीड नचिकेतसुद्धा. तो दिल्लीतच वाढलेला, मनानं स्वच्छ, पण भारी उतावळा. चेतना सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याच्या कामाची नोंद, पहिल्या ओळीपासून वाचायला बसली की तो म्हणायचा, “मॅडम, लास्ट एरर बघा ना यार, नॉव्हेल थोडीच आहे ती!”

आज तोही सोबत आला होता. टॅक्सीतून उतरताना म्हणाला, “टेन्शन नका घेऊ मॅडम. ऑफिसमध्ये बिल्कुल मख्खन चाललंय.”

“टेन्शन नाही रे,” चेतना म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिला जे होत होतं त्याला टेन्शन म्हणत नाहीत. लहानपणी शर्यतीच्या रेघेवर उभं राहिलं की व्हायचं, तसं काहीतरी होतं ते.

कंट्रोल रूमच्या काचेतून खालची लाइन दिसत होती. मुली आपापल्या जागी उभ्या होत्या. लाइनची प्रमुख बिमला दहिया दारातच भेटली. उंचीपुरी बाई, ओढणी कमरेला खोचलेली, आवाज असा की यंत्रांच्या वर जावा.

“मैडम जी, मेरी छोरियाँ तो तैयार खड़ी हैं,” ती म्हणाली. “थारी मशीन तैयार सै?”

“अभी होती है,” चेतना हसून म्हणाली आणि सर्व्हर सुरू करायचा आदेश तिनं टाइप केला.

पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. सर्व्हर उठता उठताच आडवा झाला.

“पोर्ट बिझी,” नचिकेत म्हणाला. सर्व्हर ज्या दारातून बोलतो, त्या दारात आधीच दुसरं कोणीतरी ठाण मांडून बसलं होतं. शोधल्यावर कळलं, कालच बंद व्हायला हवी होती ती प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती अजून चालूच होती. चेतनानं ती बंद केली आणि पुन्हा आदेश दिला.

यावेळी ओळी जरा जास्त धावल्या. मग लाल अक्षरं. प्रोग्रॅम नव्या जावावर बांधलेला, आणि या मशीनवर नवा जावा असूनही ती जुन्यालाच हाक मारत होती. कारखान्याच्या आयटीतला मारुती शेजारीच होता. त्यानं दोन-चार ठिकाणी रस्ता बदलून दिला.

“आता बघा,” नचिकेत हात चोळत म्हणाला.

तिसऱ्यांदा आदेश. ओळी धावल्या, धावत राहिल्या. डेटाबेस, यंत्रांची नावं, मोहोरेचा विभाग… आणि मग सगळं थांबलं. लाल अक्षरं नाहीत, तक्रार नाही. सर्व्हर मेला नव्हता आणि उठलाही नव्हता. पडद्यावरचा ठिपका नुसता लुकलुकत होता.

खालून बिमलानं काचेकडे बघत भुवया उडवल्या. चेतनानं हातानंच ‘जरा थांबा’ अशी खूण केली.

“डेटाबेसच आहे,” ती ठामपणे म्हणाली. “कनेक्शन देत नसणार.” तिनं गुरुग्रामला फोन लावला, तिथल्या माणसाला डेटाबेस तपासायला लावला, पुन्हा सुरू करायला लावला. बराच वेळ त्यात गेला. सर्व्हर पुन्हा उठवला, तर पुन्हा त्याच जागी येऊन गप्प. फोनवरचा माणूस म्हणाला, डेटाबेस ठणठणीत आहे, तुमचं कनेक्शन तर केव्हाच झालंय.

चेतनाचे कान तापले. एवढ्या जणांसमोर आपण ठासून सांगितलं ते चुकलं होतं.

तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर लांबा साहेब आत आले. “चेन्नईची फ्लाइट धुक्यात अडकली आहे,” ते हिंदीत म्हणाले. “वर घिरट्या घालतेय. मॅडमचा फोन लागत नाही. म्हणजे आपल्याला थोडा वेळ मिळाला. पण त्या दारात येतील तेव्हा लाइन चालू दिसली पाहिजे.” मग जरा हळू आवाजात, “जुनीच आवृत्ती चालवता येणार नाही का?”

“तिच्यात मोहोर नाही सर,” नचिकेत म्हणाला. “त्यांना तीच तर बघायची आहे.”

लांबा साहेब कपाळ पुसत बाहेर गेले. नचिकेतनं पुन्हा सुरू करायला हात पुढे केला, तशी चेतनानं त्याचं मनगटच धरलं.

“थांब. मारू नकोस त्याला. अडकलाय तर अडकलेलाच राहू दे. कुठे अडकलाय ते त्यालाच विचारू.”

“थ्रेड डंप?”

“हो.”

जावाच्या प्रोग्रॅमात एकाच वेळी अनेक धागे काम करत असतात. या घडीला कोणता धागा नेमका कुठे उभा आहे, याचं चित्र मागितलं की मिळतं. जणू चालत्या कारखान्याचा फोटो. चेतनानं एक फोटो काढला, जरा थांबून दुसरा, मग तिसरा, आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. बाकीचे धागे हलत होते, झोपत होते, उठत होते. मुख्य धागा मात्र तिन्ही चित्रांत त्याच एका ओळीवर उभा होता.

ती ओळी वाचत खाली गेली. या वेळी नचिकेतही तिच्या खांद्यावरून वाचायला लागला.

“हे बघ,” ती म्हणाली. “मोहोरेची गुप्त किल्ली बनवतोय. त्यासाठी यादृच्छिक आकडे हवेत…”

“यादृ… काय?”

“अरे, रँडम! रँडम आकडे मागतोय सिस्टिमकडे. आणि सिस्टिम देत नाहीये. तिथंच उभा आहे हा. पण का देत नाही?”

नचिकेत एकदम ताठ झाला. “मॅडम! एन्ट्रॉपी!” तो जवळजवळ ओरडलाच. “कॉलेजमध्ये सर सांगायचे. कॉम्प्युटर स्वतःहून रँडम काही करूच शकत नाही ना, तो शिस्तीचा आहे. म्हणून तो आजूबाजूची गडबड गोळा करतो. कोणी की दाबली, माउस हलवला, त्यात किती वेळ गेला, ते सगळं साठवतो. साठा संपला की जुन्या लिनक्स सिस्टिममध्ये मागणाऱ्याला थांबवूनच ठेवतात!”

“आणि आपल्या ऑफिसात…” चेतना म्हणाली.

“ऑफिसात हा टेबलावरच्या एका मशीनवर चालायचा. सगळे येता-जाता त्याच्यावर टकटक करायचे. इथं—”

इथं सर्व्हर कंट्रोल रूमशेजारच्या खोलीत, लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. ना कीबोर्ड, ना माउस; आदेश जायचे ते कंट्रोल रूममधून. नेटवर्कही फक्त लाइन आणि डेटाबेसपुरतं. बिचाऱ्याला दिवसभर कोणाचा धक्का लागत नव्हता की आवाज येत नव्हता. चेतनानं साठ्याचा आकडा विचारला. आला तो इतका लहान, की दोघंही एकमेकांकडे बघून हसले.

“सोपं आहे मग,” नचिकेत म्हणाला. “सुरू करायच्या सूचनांत एक ओळ टाकायची, की आकडे दुसऱ्या ठिकाणाहून घे. तिथं थांबायला लागत नाही.”

चेतनाचं हसू मावळलं. “ती ओळ टाकता येणार नाही आपल्याला. मशीनवरचा जावा कारखान्याचा होता, तो बदलला. पण प्रोग्रॅम आणि त्याच्या सूचना ग्राहकानं गोठवल्या आहेत. एक अक्षर बदलायचं तर तपासनीस बाईंची परवानगी लागते.”

“आणि त्या आकाशात.”

खाली मुली एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होत्या. चेतना त्यांच्याकडे बघत होती, आणि अचानक ती गर्रकन वळली.

“नचिकेत,” ती म्हणाली, “त्याला गडबडच हवी आहे ना? मग आपण गडबड देऊ! सूचना बदलायला परवानगी लागते. कीबोर्ड बडवायला कोणाची लागते?”

नचिकेतनं टाळी वाजवली. “चलो!”

कपाटाची किल्ली पहारेकऱ्याकडून आली. पण सर्व्हरला कीबोर्ड लावायची नेहमीची सगळी छिद्रं सुरक्षेसाठी बंद केलेली निघाली. मागच्या बाजूला जुन्या काळचं एकच गोल छिद्र तेवढं उघडं होतं. मारुती मान हलवत म्हणाला, गोल पिनचे कीबोर्ड आता कुठे मिळतात! तोवर काय गोंधळ चाललाय ते बघायला बिमला वर आली होती. चेतनानं तिला दोन वाक्यांत सांगितलं.

“गोल पिन?” बिमला म्हणाली. “धर्मकाँटे पे पड़ा है एक. ट्रक तोलने वाले के पास.” आणि ती स्वतःच धुक्यात पळत गेली.

ट्रकांच्या वजनकाट्यावरून आलेला तो कीबोर्ड धुळीनं माखलेला होता आणि त्याच्या निम्म्या अक्षरांचा रंग उडाला होता. चेतनानं तो ओढणीनं पुसला, सर्व्हरच्या मागे खोचला आणि कपाटासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. नचिकेत धावत कंट्रोल रूममधल्या पडद्याकडे गेला.

“करा सुरू!” त्यानं तिथूनच हाक दिली.

चेतनानं बोटं चालवायला सुरुवात केली. आधी जरा संकोचानं, मग जोरात, मग वेड्यासारखी. मनात येईल ते. भाज्यांची नावं, मेट्रोची स्टेशनं, आईच्या घरचा पत्ता, मग अर्थ नसलेली नुसती अक्षरं. हात अडखळले की तेही बरंच होतं. जितकं बेताल तितकं चांगलं.

“वाढतंय!” नचिकेत ओरडला. “मॅडम, आकडा वाढतोय! और तेज!”

तिचं मनगट दुखायला लागलं. “बिमलाजी, आप आइए!” बिमला शेजारी बसली, आणि कणीक तिंबावी तशी दोन्ही हातांनी तिनं कीबोर्डला धरलं. लोखंडी कपाट घुमायला लागलं. मारुती हसत होता. दाराशी आलेले लांबा साहेब मात्र तोंड उघडं टाकून बघत होते, की आपल्या कारखान्यातल्या दोन बाया जमिनीवर बसून एका जुन्या कीबोर्डचा असा जीव का घेताहेत.

“हलला!” नचिकेतचा आवाज फाटला. “मॅडम, पुढे गेला! किल्ली बनली! दुसरी मागतोय… चालू ठेवा, थांबू नका!”

चेतनानं आणि बिमलानं कीबोर्ड अर्धा अर्धा वाटून घेतला. चार हात, वीस बोटं. चेतनाला हसू आवरत नव्हतं, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि दोघींपैकी कोणीही थांबत नव्हती.

“उठला! सर्व्हर उठला!”

चेतना धडपडत उभी राहिली. पायाला मुंग्या आलेल्या, तरी ती पळालीच. पडद्यावर ती ओळ होती, साधी, काळी, छोटी: प्रोग्रॅम सुरू झाला आहे. नचिकेतनं दोन्ही हात वर केले होते. तिनं त्यांवर जोरात टाळी दिली. बिमलानं तर जिन्यावरूनच खाली आरोळी ठोकली, “चालू करो री!”

लाइन हलली. पहिलं बक्कल यंत्रात गेलं, ओढलं गेलं, दाबलं गेलं. हिरवा दिवा लागला, पडद्यावर मोहोर उमटली आणि बक्कल टुणकन पुढच्या खोक्यात पडलं. मुलींनी अशी काही किंकाळी मारली की शेजारच्या विभागातले लोक धावत आले.

तपासनीस चंद्रप्रभा बाई आल्या तेव्हा धुकं विरून फिकट ऊन पडलं होतं. किरकोळ अंगाच्या, केस पांढरे, चालताना प्रत्येक गोष्टीकडे थांबून बघणाऱ्या. लाइन चालू बघून त्यांनी मान डोलावली. मग कपाटातून लोंबणारा तो मळका कीबोर्ड त्यांना दिसला.

“ये क्या है?”

लांबा साहेबांनी काहीतरी सारवासारव सुरू केली. चेतना एक पाऊल पुढे आली. लपवायचं काय होतं त्यात? तिनं हिंदीत आणि इंग्रजीत, जमेल तसं, सगळं सांगितलं. आधी आपला अंदाज कसा चुकला तेही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि उद्या वीज गेली तर?” त्यांनी विचारलं. “पुन्हा तुम्ही दोघी येऊन जमिनीवर बसणार?”

“नाही मॅडम. एक ओळ बदलायची आहे. तुमची परवानगी हवी.”

“त्यानं किल्ली कच्ची होत नाही ना?”

हा प्रश्न येणार हे चेतनाला माहीत होतं. एकदा पुरेशी गडबड जमली की त्यातून निघणारे पुढचे आकडे भरवशाचे असतात, त्यासाठी पुन:पुन्हा अडून राहायची गरज नसते, हे तिनं समजावलं. मशीन उठताना मागच्या वेळचा साठा वापरते, तेही दाखवलं. बाईंनी आपल्या चेन्नईच्या तज्ज्ञाला फोन लावला, बराच वेळ तमिळमध्ये बोलल्या आणि फोन ठेवला.

“बदला,” त्या म्हणाल्या. “आणि मग मला वीज घालवून दाखवा. इथं, आत्ता, माझ्यासमोर.”

चेतनानं ती ओळ टाकली, वाचली, पुन्हा वाचली. कीबोर्ड काढून बिमलाच्या हातात दिला आणि मारुतीकडे बघून मान हलवली. मारुतीनं कपाटाचा खटका खाली ओढला.

पंखे थांबले. लाइन थांबली. एवढ्या मोठ्या शेडमध्ये अशी शांतता पसरली की बाहेरच्या ट्रकचा रिव्हर्सचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मारुतीनं खटका वर केला. मशीन घुरघुरली. पडद्यावर ओळी यायला लागल्या. डेटाबेस. यंत्रांची नावं. मोहोरेचा विभाग…

चेतनानं डोळे मिटून घेतले नाहीत. तिला बघायचं होतं.

ओळी थांबल्याच नाहीत. त्या जागेवरून त्या अशा सरळ पुढे निघून गेल्या, जणू तिथं कधी काही अडलंच नव्हतं. नचिकेतनं श्वास सोडेपर्यंत सर्व्हर उठून बसलाही होता. खाली हिरवे दिवे एकामागून एक पेटत गेले.

चंद्रप्रभा बाई प्रथमच मोकळं हसल्या. “चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी लाइनवरचं प्रत्येक यंत्र बघितलं, मुलींना प्रश्न विचारले, दोन किरकोळ सुधारणा सांगितल्या, आणि जाताना लांबा साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, काम इथंच राहील.

ती बातमी खाली पोचायला जिना उतरावा लागला नाही. बिमलानं वरूनच ती फेकली.

टॅक्सीला यायला उशीर होता. नचिकेत कारखान्यातच थांबणार होता, आणखी दोन यंत्रं जोडायची होती. “फरीदाबादला पुढच्या महिन्यात अशीच साइट आहे मॅडम,” तो म्हणाला. “तुम्ही लीड कर—”

“करीन,” चेतना म्हणाली. त्याचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

बिमलानं तिला हाताला धरून कंपनीच्या बसमध्येच चढवलं. गुरुग्रामच्या मेट्रोपर्यंत सोडू म्हणाली. बसमध्ये वीतभर जागाही नव्हती. शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा हातोहात फिरत होता, मागच्या बाकांवर कोणीतरी स्टीलच्या डब्यावर ताल धरला होता. तेवढ्यात विनायकचा फोन आला. त्याला सकाळपासून काहीच कळलं नव्हतं.

“अगं, झालं का काही?” तो विचारत होता. “उठला का सर्व्हर?”

“काय?”

“सर्व्हर! सर्व्हर उठला का?”

“उठला!” चेतना त्या सगळ्या गलक्याच्या वर आवाज चढवून ओरडली. “अरे, उठला! दोनदा उठला!”

तिचं मराठी बसमधल्या एकीलाही कळलं नाही. पण तिचा चेहरा बघून सगळ्या मुलींनी पुन्हा एकदा जल्लोष केला.